मडम आणि पॅरिसवाला

उकंडरावांच्या घरात दोन सॅक्सोफोन होते. जानेफळसारख्या गावात खरं तर एकही असण्याचं काही कारण नव्हतं. वांगी, मिरच्या आणि कोथिंबीर पिकवणाऱ्या माणसाच्या घरी विळे, खुरपी आणि मोटेचा नाडा असावा, फार झालं तर भजनातली झांज. पण उकंडराव ऐन जवानीत एकदा मिरच्या विकायला खामगावला गेले, तिथं सर्कस उतरली होती, आणि मिरच्यांची गाडी एका ओळखीच्या माणसाच्या हवाली करून हे गृहस्थ सर्कशीबरोबर चालते झाले. वाघसिंहांचं त्यांना काही नव्हतं. त्यांना बँडनं ओढलं होतं. तिथले गोव्याचे मास्तर कडक होते, पण या वऱ्हाडी गड्याचा कान पाहून त्यांनी त्याला हाताशी धरलं. पुढं उकंडराव अधूनमधून घरी येत राहिले, लग्न झालं, कडूबा झाला, रुख्मिणी झाली. वडील गेले आणि मळा ओस पडू लागला तेव्हा कुठं ते कायमचे परत आले. आले ते हातात एक लांबट काळी पेटी घेऊन.

त्या पेटीत मडम होती. अमेरिकेत घडवलेला सॅक्सोफोन, अंगानं भरलेला, सोनेरी. त्याच्या रुंद भोंग्यावर एका गोऱ्या बाईचा चेहरा कोरलेला होता, म्हणून गावानं त्याचं नाव मडम पाडलं. उकंडरावांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, पहिल्यांदा तो चेहरा पाहिला तेव्हा पेटी उजेडात ओढून घेतली. मग म्हणाल्या, "ही कोन?"

"कोनी नाई. कारखान्याची खूण हाय ते."

"खुणेले कानात डूल कायले लागते?"

यावर उकंडरावांना उत्तर सुचलं नाही, आणि नवऱ्याला उत्तर सुचत नाही म्हणजे पाणी मुरतंय असं बायकांनी धरून चालायचं असतं. सत्यभामाबाईंनी काही दिवस अबोला धरला. पण खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पूजेला मांडली, नांगराशेजारी मडमही ठेवावी लागली, तेव्हा त्यांनी त्या कोरीव बाईच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. "आली हाय घरात, तर सवाशीन म्हनून राहू द्या," म्हणाल्या. तेव्हापासून दर खंडेनवमीला मडमला कुंकू लागत गेलं.

दुसरा सॅक्सोफोन कडूबाचा. तो मलकापूरला एका मोडवाल्याकडे पितळी भांड्यांच्या ढिगात पडलेला उकंडरावांना दिसला. कुठल्याशा बुडालेल्या नाटक कंपनीचा असावा. फ्रान्समधला, जुनाट, चांदीचं पाणी दिलेला, आणि ते पाणीही जागोजाग उडून आतलं पितळ काळवंडलेलं. पोराला हात बसवायला बरा, म्हणून त्यांनी तो उचलला. त्याच्यावर पॅरिसचं नाव होतं, म्हणून तो पॅरिसवाला.

आता दोन्ही बाजे दिसायला एका घाटाचे, पण त्यांत फरक किती म्हणाल, तर बापलेक मेहकरच्या शेषरावांच्या ज्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, तिथं त्यावर रोज वाद होई. मडमच्या किमतीत चार पॅरिसवाले येतील असं शेषराव म्हणायचे, आणि बँडचे मालक तेच, तेव्हा त्यांचं कोणी खोडत नसे. मडमच्या चाव्या ऐसपैस, बोटं ठेवली की आपापल्या जागी बसायची. नुसती फुंकर घातली तरी सूर निघायचा आणि वरातीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. पॅरिसवाल्याच्या चाव्या बारक्या आणि एकमेकींना चिकटून, त्याचा आवाज मांडवाबाहेर जायचा नाही, आणि सूर काढायला आधी त्याची मनधरणी करावी लागायची.

सगळ्यात मोठा फरक होता तो डाव्या अंगठ्याखाली. सूर वरच्या पट्टीत न्यायचा तर मडमला तिथं एकच चावी होती. ती दाबली की पुढचं काय ते आतलं यंत्र आपलं आपण पाहून घ्यायचं. पॅरिसवाला त्या यंत्राच्या आधीचा. त्याला दोन चाव्या होत्या, आणि सूर चढत असताना अर्ध्या वाटेवर अंगठा एकीवरून दुसरीवर सरकवावा लागे. कितीही सफाई असली तरी त्या जागी सूर किंचित अडखळायचा. उकंडरावांच्या मते ती खोट होती. कडूबा मात्र त्या अडखळीतच रमला. तो तिथं येऊन क्षणभर थबकायचा आणि मग वर जायचा, आणि ऐकणारा हातातलं काम विसरायचा.

कॉर्नेट आणि ढोलांच्या दणदणाटात हा बाजा कोणाला ऐकू जाणार? म्हणून शेषरावांनी त्याला पाठवणीचं काम दिलं. नवरी बैलांच्या दमणीत बसायला निघाली की बाकीचा बँड गप्प व्हायचा आणि एकटा कडूबा वाजवायचा. मेहकर तालुक्यातल्या बायाबापड्या पुढं पुढं आपल्या माणसांना सांगू लागल्या, बँड कोणताही आणा, पण पाठवणीले उकंडरावचा पोरगा पाह्यजे.

एका उन्हाळ्यात उकंडरावांचे समोरचे दात हलायला लागले. त्यांनी मडमची पेटी कडूबापुढं ठेवली आणि म्हणाले, "आजपासून हे तुही."

कडूबानं पेटी उघडली, मडम गळ्यात घातली, थोडी वाजवली. फार सुरेख वाजवली. मग परत पेटीत ठेवली.

"बाबा, थे चांगली वाजते. पन तिले मी लागत नाई."

"म्हन्जे?"

"आपसूक वाजते थे. माह्यावाला मले इचारतो, मंग वाजतो."

बापानं आयुष्याची कमाई पुढं ठेवावी आणि लेकानं ती हसतमुखानं परत करावी, हे उकंडरावांना लागलं. लागलं तर लागलं, बोलू नये. पण ते बोलले. "राह्य मंग त्या डबड्यासंगं." कडूबा हसला. तो कशावरही हसायचा. पण डबडं हा शब्द त्या दिवसापासून घरात कायमचा राहायला आला. डबडं खुंटीले टांग, डबड्याची पेटी कुठं हाय, असं सगळेच म्हणू लागले.

सत्यभामाबाईंचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. त्यांना बँडमधलं काही कळत नाही हे घरात ठरून गेलेलं होतं. "हिले बँड काय अन् जिनिंगचा भोंगा काय, दोन्ही सारखेच," असं उकंडराव पाहुण्यांसमोर म्हणायचे, आणि त्याही पदर तोंडाला लावून हसायच्या.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर कडूबाला मोतीझिऱ्याचा ताप आला. मेहकरहून डॉक्टर आणला, देवाला नवस बोलले, सगळं केलं. तो उठला नाही. पॅरिसवाला त्याच्या पेटीत घालून पेटी लोखंडी पेटाऱ्यात गेली आणि पेटाऱ्यावर गोधड्या पडल्या. उकंडरावांनी त्यानंतरची लग्नसराई मडमवर वाजवून काढली, कारण मळा आणि बँड यांवरच घर चालत होतं. पण पाठवणीची वेळ आली की ते बाजा गळ्यातून काढून मांडवामागं जाऊन बसत.

रुख्मिणीचं लग्न वैशाखातलं ठरलं. पोरगा धामणगाव बढ्याचा, घर चांगलं, पण गाव लांब. एकदा गेली की सणावाराशिवाय यायची नाही. लग्नाला महिना असेल-नसेल तेव्हा ती मळ्यात मिरच्या तोडता तोडता बापाजवळ आली.

"बाबा, दादानं मले कबूल केलं होतं."

"काय वं?"

"माह्या पाठवनीले तोच वाजवीन म्हने. लोकाच्या पोरींले रडवतो, तुले हासवीन म्हने." ती थांबली. "तुमी वाजवा. पन त्याच्यावरच वाजवा. मडमवर नका वाजवू. मले काई दुसरं नको."

उकंडराव हो म्हणाले. बापानं दुसरं काय म्हणायचं होतं?

त्यांनी त्या दिवशी पेटारा उघडायला हवा होता, आणि इथंच त्यांचं चुकलं. दोन चाव्यांच्या त्या बाज्यावर त्यांचा हात नव्हता. सराव लागणार हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी ते आज नको उद्या पाहू करत राहिले. बाज्याच्या नळीत वाजवणाऱ्याचा श्वास साचतो, आतल्या चामड्याच्या गाद्यांना त्याचा वास धरतो. पेटी उघडली की कडूबाचा वास येणार, या भयानं हा सर्कशीत वाघाच्या पिंजऱ्याशेजारी झोपलेला माणूस पेटाऱ्याजवळून जाताना मान वळवायचा.

लग्नघराची साफसफाई निघाली. घरची आणि मागून आणलेली सगळी पितळी भांडी अंगणात आली, चिंच आणि राख लावून घासली गेली, आणि लिंबाखाली कल्हईवाल्यानं भाता लावला. उकंडराव तेव्हा शेषरावांसोबत मेहकरला गेले होते. हळदीच्या दिवशी सकाळी त्यांनी अखेर मन घट्ट केलं, गोधड्या बाजूला सारल्या आणि पेटी उघडली. पेटीत बाज्याचं फुंकायचं काळं तोंड तेवढं होतं. बाजा नव्हता.

"हे पाहून राह्यले का?" मागून सत्यभामाबाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात नवा कोरा पंचा होता, आणि पंच्यात पॅरिसवाला. तो इतका लखलखत होता की उकंडरावांना क्षणभर तो ओळखू आला नाही. काळवंडलेलं सगळं गेलं होतं. आतबाहेर पांढरीशुभ्र कल्हई होती.

"सोनाळ्याच्या लग्नात लोकं हासले होते त्याले," त्या सांगू लागल्या. "वरातीतलाच एकजन म्हने, मडमच्या बाजूनं हे काळं काऊन उभं केलं? कडूबाबी हासला त्याइच्यासंगं. पन घरी येऊन जेवला नाई. तुमाले माहीत नाई, मले माहीत हाय. तवाच म्या मनात धरलं होतं. कल्हईवाला नाईच म्हने, बाई हे भांडं नोहे म्हने. म्या उभी राहून करून घेतलं. अन् तुमीबी तर डबडंच म्हनत होते. आता बहिनीच्या लग्नात कोनी डबडं म्हनू नाई."

उकंडरावांनी बाजा हातात घेतला. चामड्याच्या गाद्या भट्टीत जळून कोळसा झाल्या होत्या. दांड्यांना धरून ठेवणारे बारके खांब आचेनं निखळले असणार, आणि त्या भल्या माणसानं ते नजरेच्या अंदाजानं परत चिकटवले होते. चावी दाबली तर ती एका भोकाच्या शेजारी जाऊन बसली. अंगठ्याखालच्या दोन चाव्या कल्हईनं एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या.

सत्यभामाबाई त्यांच्या तोंडाकडं पाहत होत्या. कडूबा गेल्यापासून त्या बाईच्या चेहऱ्यावर असा आनंद उकंडरावांनी पाहिला नव्हता.

"कसा दिसते?"

"चांगला दिसते," उकंडराव म्हणाले.

"हाव नं?"

"हाव. नव्यासारखा."

बाजा आणि त्याचं तोंड घेऊन ते तडक मळ्यातल्या विहिरीवर गेले. तोंड बसवून फुंकलं. नुसती हवा गेली, शंभर फटींतून. पुन्हा फुंकलं. मग ते मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्याच्या काठावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. लेक गेला तेव्हा पाहुणे होते, बायकोला सावरायचं होतं, पोरगी होती, रडायला सवड मिळाली नव्हती. ती त्या दिवशी मिळाली.

शेषराव त्यांना शोधत तिथं आले. त्यांनी बाजा उलटासुलटा करून पाहिला आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "याले आता कोनी दुरुस्त करू शकत नाई. मुंबईवालाबी नाई."

"पोरीले जबान देल्ली हाय म्या."

"मंग मडम वाजवा. दमनीच्या मांगं उभे राहा, आमी पुढून आड करतो. भोंग्यात फडकं कोंबा, आवाज दबते. पदर घेऊन रडनाऱ्या पोरीले काय दिसते?"

"दिसत नाई, पन ऐकू येते."

तरी दुसरा इलाज नव्हता. उकंडरावांनी कडूबाच्या बाज्याचं काळं तोंड मडमला बसवलं. बळंच बसलं. त्याच्यावर कडूबाच्या वरच्या दातांच्या दोन खाचा पडलेल्या होत्या. उकंडरावांचे उरलेले दात त्या खाचांत बसेनात. दिवसभर ते विहिरीवर घटवत राहिले. आयुष्यभर सुरातल्या अडखळी काढून टाकण्यात गेलं होतं, आता एक अडखळ मुद्दाम आणायची होती, आणि मडम काही केल्या अडखळेना. त्या जागी तिचा सूर तेल लावल्यासारखा निसटून वर जाई. शेवटी त्यांनी अंगठा मुद्दाम उचलून परत टेकवण्याची युक्ती काढली. शेषराव म्हणाले, तंतोतंत. उकंडरावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर दमणी दारात आली. पॅरिसवाला सत्यभामाबाईंनीच मांडवात पाटावर मांडला होता. पाठवणीची वेळ झाली तसा उकंडरावांनी तो सगळ्यांदेखत उचलला आणि दमणीमागं नेला. तिथं मडम फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. बँड गप्प झाला. बायका मुसमुसत होत्या. उकंडरावांनी दात जमतील तसे त्या खाचांजवळ टेकवले आणि वाजवायला सुरुवात केली.

सूर चढत गेला. त्या जागी आला. त्यांनी अंगठा उचलला, टेकवला.

रुख्मिणीचा एक पाय दमणीच्या पायरीवर होता. ती तशीच उभी राहिली. पदराआडून तिनं "दादा" म्हटलं, इतकं हळू की जवळच्या बायांनीच ते ऐकलं, आणि त्या मोठ्यानं रडायला लागल्या. मग ती आत बसली आणि बैल निघाले. दमणी ओढ्यापलीकडं जाईपर्यंत उकंडराव वाजवत राहिले. निभावलं, असं त्यांना वाटलं. पोरीला फसवलं असंही वाटलं, पण निभावलं हे जास्त वाटलं.

पाहुणे पांगले. उकंडरावांनी पॅरिसवाला परत पाटावर ठेवला. शेषराव बँडची माणसं घेऊन गेले. दिवेलागणीला रिकाम्या मांडवात नवराबायको दोघंच उरले. सत्यभामाबाई अंगणात पडलेल्या अक्षता पदरात वेचत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "थे मडम होती."

उकंडराव मांडवाचा दोर सोडत होते, ते थांबले. "कोन म्हने?"

"कडूबाचा सूर वर जाता जाता थांबे. घरातून निंगताना तो उंबऱ्यात थांबे नं, मागं पाहे, तसा. आज तो थांबला नाई. तुमी थांबवला."

उकंडराव त्यांच्याकडं बघतच राहिले. ज्या बाईला आपण जन्मभर पाहुण्यांसमोर हसलो, तिनं हा बारकावा कुठून धरला होता?

"तुले समजते?" त्यांनी विचारलं.

"बँडाचं नाई समजत. लेकराचं समजते." वेचलेल्या अक्षता त्यांनी पाटावर ठेवल्या, त्या लखलखीत बाज्याशेजारी. "खरं सांगा. माह्या हातानं गेला नं तो?"

हो म्हणणं खरं होतं. नाही म्हटलं असतं तर त्यांना ते खोटं लगेच कळलं असतं, एवढं आता उकंडरावांना समजलं होतं.

"माह्या तोंडानं गेला," शेवटी ते म्हणाले. "म्या त्याले डबडं म्हनलो नसतो, तं तू त्याले भांड्यात टाकलं नसतं."

सत्यभामाबाई खांबाला टेकून बसल्या. त्यांनी पॅरिसवाला मांडीवर घेतला आणि एकमेकींना जोडल्या गेलेल्या त्या दोन चाव्यांवरून बोट फिरवत राहिल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाजवा."

"आता?"

"पोरगी गेली. आता कोनाले फसवाचं नाई. तुमाले येते तसंच वाजवा."

उकंडरावांनी मडमच्या भोंग्यातलं फडकं काढून टाकलं. काळं तोंड मात्र कडूबाचंच राहू दिलं. दात कुठं टेकवावे याचा विचार त्यांनी केला नाही, अंगठ्याचाही केला नाही. वाजवू लागले. मडमचा सूर मांडवाबाहेर पडला, मळ्यावरून विहिरीकडं गेला, आणि चढत चढत त्या जागी आला. तिथं उकंडरावांचा श्वास अडला. सूर थबकला. मग हळूच वर गेला.

सत्यभामाबाईंनी डोळे मिटले.

"हाव," त्या म्हणाल्या. "असाच थांबे."